मान डोलावणारा बैल

नार्नूर,
१२ ऑगस्ट २०२५

प्रिय राजूदादा,

नमस्कार. आम्ही इकडे मजेत आहोत, आणि तूही पुण्यात वेळेवर जेवत असशील असं धरून चालते. फोन केला तर बाबा शेजारीच बसलेले असतात, म्हणून पत्र.

शाळेत सध्या मी तुझाच धंदा चालवते आहे! सातवीच्या मुलांना म्हटलं, मेकॅनिकल इंजिनियरिंग शिकायला कारखाना लागत नाही. तान्ह्या पोळ्याला तुम्ही जे चाकांचे लाकडी बैल ओढता, ते यंदा चालता चालता मान डोलावतील असे करू. निर्मलहून हलकं लाकूड आणलं. चाकांच्या आसावर अंड्याच्या आकाराची चकती बसवायची. ती फिरली की वरची काडी खालीवर होते, आणि काडीवर टेकलेली बैलाची मान डोलते. कागदावर सगळं झकास.

ओढून पाहिलं. चाकं फिरली, बैल ढिम्म.

झालं असं, की चाकं कशी बसवायची ते मुलांनी बाबांना विचारलं होतं, आणि बाबांनी बैलबंडीची रीत सांगितली. आस पक्का, चाकं मोकळी. आपल्या गावात दुसरं काय सुचणार? शेवटी रुख्मिणी नावाची पोर जमिनीला गाल टेकवून खालून बघत ओरडली, "बाई, चाक फिरून राह्यलं, पन आस झोपूनच हाय!" मग चाकं आसाला खिळवली आणि आस मोकळा केला. बैलानं मान डोलावली तेव्हा पोरांनी असा गलका केला की हेडसर धावत आले.

मला वाटलं, आता बाबा बिघडणार. गेल्या पोळ्याला तू म्हणालास, "बैल विका, ट्रॅक्टर घ्या," आणि ते म्हणाले, "मंग पोळ्याले येऊ नको." तेव्हापासून यंत्राचं नाव निघालं की ते उठून जातात. पण मी बैल घरी नेला, तर त्यांनी तो उलटा करून बराच वेळ पाहिला. "राजू हेच करते काय तिकडं?" मी म्हटलं, असंच काहीसं. आता ते रोज शाळेत येतात, चाकं तासून देतात, वर मुलांना दटावतात. खूश आहेत.

मुलं मधल्या सुट्टीत नंदीबैलवाल्याचा खेळ खेळतात. "पाऊस पडन काय?" बैल हो म्हणतो. "बाई मारन काय?" त्यालाही हो!

काल मुलं घरी गेल्यावर मी वर्गाच्या दाराशी उभी होते. बाबांना वाटलं, कोणी नाही. त्यांनी बैलाची दोरी धरली, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "पोळ्याले राजू येईन काय?" बैलानं मान डोलावली. त्यांनी पुन्हा विचारलं, पुन्हा ओढला. पार भिंतीपर्यंत तसंच.

पोळा पुढच्या शुक्रवारी, २२ तारखेला आहे. ते स्वतः बोलावणार नाहीत, तुला ठाऊक आहे. मी लिहिलं हेही त्यांना सांगू नकोस.

दादा, त्या बैलाला खोटं पाडू नकोस.

तुझी,
पूनम