चलनावरचं लिक्विड

आबा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि मी अजून तुमच्यावर चिडलेलाच आहे. पाठवायला पत्ता नाही, तरी म्हटलं एकदा लिहून टाकावं.

उचगावच्या आपल्या स्वयंपाकघरातला तो दिवस आठवतो. मी शाळेत शिकतोय. आईनं सरबताच्या रिकाम्या बाटलीत फिनेल ओतून ठेवलंय आणि तुम्ही कामावरून येऊन ती बघता. तुम्ही आवाज चढवणाऱ्यांतले नव्हता, पण त्या दिवशी आम्हा दोघांनाही फैलावर घेतलंत. "ज्यात जे हाय, तेच नाव त्याच्यावर पायजे. वाचणारा डोळं झाकून इश्वास टाकतोय." बाटली मोरीत रिकामी झाली. मग घरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी आली, अगदी मिठाच्या सुद्धा. आई हसायची. मला मात्र तुमचा अभिमान वाटायचा. रसायनांच्या गोदामात तुम्ही गाडीबरोबर जाणारी मालाची चलनं लिहायचा, तिथंही तुमची हीच ख्याती. नुसतं 'ॲसिड' तुम्ही कधी लिहीत नव्हता. कुठलं, किती कडक, सगळं यायचं. रस्त्यात माल सांडला तर ड्रायव्हरजवळ तेवढा कागदच असतो, पुसायचं की लांब पळायचं हे तो त्यावरून ठरवतो, असं तुम्हीच मला सांगितलेलं. मी टेम्पोचं लायसन काढून गोदामाचीच गाडी चालवू लागलो तेव्हा खिशात मावेल असं रेक्झिनचं पाकीट दिलंत, चलन भिजू नये म्हणून.

त्याच पाकिटात त्या सकाळी तुम्ही चलन घातलंत, तुमच्या हातानं. रत्नागिरीकडं जाणारा माल होता, मागं प्लॅस्टिकचे कॅन आणि त्यांना लागूनच किराणा. चलनावर लिहिलं होतं, 'साफसफाईचं लिक्विड'. गोदामाच्या मालकाला दोन्ही एकाच फेरीत पाठवायचं होतं आणि खरं नाव बघून किराणावाल्यानं आपला माल चढवूच दिला नसता, हे मला फार पुढं कळलं. त्या सकाळी मी फक्त तुमचं अक्षर बघितलं. दुसऱ्या कुणाचं असतं तर चार प्रश्न तरी विचारले असते.

मलकापूरच्या अलीकडं एक कॅन गळायला लागला. गाडी बाजूला घेतली, फरशी पुसायचंच पाणी म्हणून गोणपाट उचललं आणि दोन्ही हातांनी पुसायला बसलो. गोणपाटातून तांबूस धूर निघाला तरी मी आधी कागद काढून पुन्हा वाचला, एवढा माझा तुमच्यावर भरवसा. तोवर हात पेटल्यासारखे झाले होते. शेजारच्या उसातला एक शेतकरी धावत आला, त्यानं मला ओढत नेलं आणि माझे हात विहिरीवरच्या मोटारीच्या पाण्याखाली धरून ठेवले. त्याला वाचायला कागद नव्हता, म्हणून वाचलो.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय सांडलं हातावर. तुम्ही माझ्या पायाशी उभे. मी तुमच्याकडं बघितलं, म्हटलं आता तरी सांगतील. तुम्ही म्हणालात, "लिक्विड हाय, सायेब. फरशी पुसायचं." डॉक्टरांनी माझी पिवळी पडलेली कातडी न्याहाळली आणि हळू आवाजात म्हणाले, "काका, हे नायट्रिक आहे." तुम्ही खाली बघितलंत.

नोकरीची भीती मला समजते. मालकानं दम दिला असेल, तेही समजतं. पण गाडीवर मी होतो की, आबा. कागदावर काय पण लिहायचं होतं, माझ्या कानात तरी सांगायचं. घात केलात माझा. बँडेजातून माझी बोटं सुटी होईपर्यंत तुम्ही मला घास भरवलेत, आणि तो विषय मरेपर्यंत काढला नाहीत.

परवा माझी लेक माझ्या तळहातावरून बोट फिरवत होती. पप्पा, हे कशानं झालं, म्हणाली. आईनं नातीला डब्यांवर चिठ्ठ्या लावायला शिकवलंय, आजोबांची शिस्त म्हणून, आणि तुमच्या फोटोला हार घालायचा हट्ट तिचाच असतो. खरं सांगितलं तर पुढचा प्रश्न ठरलेला, कागद कुणी लिहिला होता. मी सांगितलं, गुऱ्हाळात काकवी उडाली हातावर. सगळ्यांना मी हेच सांगत आलोय. गुऱ्हाळावर मी कधीच कामाला नव्हतो, हे तुम्हाला तर माहीत आहे.