खिडकी नसलेले मनोरे

सान जिमिन्यानो, इटली
४ फेब्रुवारी २०२५

ती. मच्छिंद्रआप्पांस,
सायलीचा सा. न. वि. वि.

आमच्या घरचा फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. टेकडीवरच्या या गावात मी जुन्या दगडी इमारतींची डागडुजी शिकतेय. सोबत इथल्या मनोऱ्यांचा फोटो आहे. सातशे-आठशे वर्षांपूर्वी इथल्या मातब्बर घराण्यांत चढाओढ लागली. एकानं मनोरा बांधला की दुसऱ्याचा त्याहून उंच. शेवटी गावानं नियम केला, चावडीच्या मनोऱ्यापेक्षा वर कुणी जायचं नाही.

काही आठवलं? तुम्ही माडी चढवली की बाबा चढवतात, आणि सख्खे भाऊ असून बोलणं बंद. वैशाखात माझं लग्न. आपलं देवक कायम थोरल्या घरी, म्हणजे तुमच्याकडे बसतं, पण बाबा म्हणतात, कार्यालयातच बसवू. तसं होणार असेल तर मी बोहल्यावर चढणार नाही.

सुलक्षणाकाकूंना नमस्कार. लोभ राहू द्या बाजूला, उत्तर तेवढं द्या.

तुमची,
सायली


वडगाव रासाई
२७ फेब्रुवारी २०२५

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

फोटो पाहिला. हे बघायला लोक विमानानं जातात? धड खिडकी नाही, गॅलरी नाही. वर पाणी कोण वाहत होतं, हे तुझ्या मास्तरांना विचार. शेजाऱ्याच्या डोक्यावर बसायचं म्हणून जन्मभर दगड चढवणारे हे मातब्बर! आमच्या माड्यांशी त्यांची बरोबरी करू नकोस. आमच्या प्रत्येक माडीवर संडास आहे.

लेकीचे प्रताप दाखवावेत म्हणून फोटो घेऊन तुझ्या बापाकडे गेलो. समेट-बिमेट काही नाही. बबननं चष्मा लावून पाहिलं आन् म्हणाला, दादा, ह्यात वारं न्हाई, कांदाबी सडंल, माणसं कशी ऱ्हायची? दिवेलागणीपर्यंत आम्ही त्या इटलीवाल्यांना नावं ठेवत बसलो. तुझ्या आईनं चहा दिला. किती वर्षांनी प्यालो. सरूबाई साखर अजून जास्तच घालते.

देवकावरून मात्र जोरात भांडण झालं. मी म्हणालो, लेक तुझी, तुझ्या दारात बसव, मी पूजेला येतो. तो म्हणाला, थोरल्या घरीच बसंल, न्हाईतर लगीन न्हाई. मी ओरडलो, तोही ओरडला. मग रडायलाच लागला गाढव. मलाही आवरलं नाही.

देवक आमच्याकडे बसतंय. अंगण सारवायला तुझा बाप येणार आहे. वेळेवर ये.

अक्कल तिकडं मिळत असेल तर दोघांपुरती आण.

तुझा,
आप्पा