बशीरची मूठ

अचलपूर, ८ जानेवारी २००७

ती. सूर्यभानकाकांस जमुनाचा शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नका. काकूंनी पाठवलेले तुरीचे सोले मात्र वेळेत संपले! यंदा नववीच्या वर्गाला आपल्या बंद पडलेल्या मिलचा इतिहास लिहायला लावला आहे. बशीरचाचांची नात गजाला हिनं लिहिलं, की आजोबांनी खूण चुकीची केली म्हणून ८३चा संप फसला. वाचून दाखवताना पोर रडली. तुम्ही चाचांबरोबर त्याच साचेखात्यात होता. येऊन वर्गाला सांगाल का?

तुमची माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.
जमुना

नांदगाव खंडेश्वर, १५ जानेवारी

चि. जमुना हिस काकाचे अनेक आशीर्वाद.

मास्तरीण झालीस, पण अक्षर अजून कोंबडीच्या पायाचंच. तरी सारं वाचलं. ताटातली भाकर तशीच राहिली, तुझी काकू विचारून राहिली काहून जेवत नाई म्हणून.

साचेखात्यात दोनशे मागांचा खडखडाट. कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नसे, म्हणून आमचं बोलणं हातानं. चहा, सुटी, साहेब आला, साऱ्याच्या खुणा. बशीरनं मूठ वर केली की साचे, म्हणजे माग, बंद, असं ठरलं होतं. त्यानं मूठ चांगली डोक्यावर नेली. मी पाहिली. नुकताच कायम झालो होतो, हिंमत झाली नाई. खाली मान घालून तुटला धागा जोडत राहिलो. माहे दोन साचे चालू पाहून बाजूच्यांनी आपले पुन्हा सुरू केले. मागून विचारलं, तर म्हटलं, खूण दिसलीच नाई. लोकांनी बशीरले बोल लावला. त्याचं पुढारपण गेलं.

हे पत्र त्याले वाचून दाखव. तो म्हणेल तसं करीन. वर्गात यायले मले तोंड नाई.

यंदा कपाशी लाल पडली. बाकी बरं. या म्हाताऱ्यावर लोभ उरला तर ठेव.
सूर्यभान

अचलपूर, २३ जानेवारी

ती. काकांस सा. न.

रविवारी गेले होते. बशीरचाचांनी सारं ऐकलं. म्हणाले, तुम्ही पाहिलं हे त्यांना त्याच घडीला कळलं होतं, नजरेला नजर भिडली होती. मग गप्प का राहिलात, असं मी विचारलं. तर म्हणे, सूर्यभानच्या घरी तेव्हा बाळंतीण होती, त्याले काहून मारायला लावू लोकांकडून. रहिमाचाचींनी तिथंच झापलं त्यांना, की बाहेर एवढं मोठं मन, आन् घरात चोवीस वर्षं तोंड पाडून बसले. चाचा हसले नाहीत, म्हणाले, माझी माफी मागू नको म्हणाव, मले ठाऊकच होतं. नातीले ठाऊक नाई, तिच्यासमोर सांग म्हणाव, असा निरोप आहे.

गजालानं तुमचं पत्र मागितलं. मी दिलं नाही. दोन फेब्रुवारी, शुक्रवार, तिसरा तास.

तुमच्या मायेच्या भरवशावर,
जमुना

नांदगाव खंडेश्वर, २७ जानेवारी

चि. जमुना हिस आशीर्वाद.

शुक्रवारी सकाळच्या यष्टीनं येतो. काकू सोबत येतो म्हणते, येऊ दे. तिलेही मी काल रातीच सांगितलं.

गजालाले सांग, वही घेऊन पुढच्या बाकावर बस. आन् माहं नाव पुरं लिहून घे, गावासकट.

तुझा,
सूर्यभानकाका