कंपनीचा दिवस सातला सुरू होतो

१० जून ९६, सोम. पेण
बॅकअपचा प्रोग्रॅम अखेर चालला. कंपनीच्या दवाखान्याची फाइल फ्लॉपीवर जाते, कॉपीच्या नावात त्या दिवसाची तारीख. बस, एवढंच करतो. खूश आहे.

१४ जून, शुक्र.
रोज सकाळी साडेसहाची कॉपी काढणारे तिसऱ्या शिफ्टचे सावंत म्हणाले, "बाई, कंपनीचा दिवस सातला सुरू होतो. माझी कॉपी कालच्या तारखेनं पाहिजे." दिला पर्याय. माझ्या संध्याकाळच्या आणि त्यांच्या सकाळच्या कॉपीला एकच नाव पडतं, नवी जुनीवर बसते. बरंच की, फ्लॉपी वाचते.

१९ जून, बुध.
दवाखान्याचे कंपाउंडर पेणकरकाका: "आम्हा बेने इस्रायलांत सूर्य बुडाला की दुसरा दिवस. लेकी इस्रायलला गेल्या, आता ते पाळणारा मी एकटाच. टाक की तिसरा पर्याय."
टाकला! मागेल त्याला देते मी. धाकटा भाऊ दिनू म्हणाला, "ताई, कॉपी काढतेस का पंचांग छापतेस गो?"

१ जुलै, सोम.
रंगाच्या प्लँटवरच्या चौदा जणांचं रक्त तपासलं. दिनूपण त्यात. काकांच्या चिठ्ठ्यांवरून आकडे चढवले. एकाचं हिमोग्लोबिन ६.२. रंगातल्या शिशाने उतरतं ते. आठच्या खाली असलं की डॉक्टर प्लँटवरून काढतात. ते गुरुवारी येऊन यादी बघतील. गाडीची घाई, नाव कुणाचं ते बघितलं नाही. पाचला कॉपी काढून निघाले.

२ जुलै, मंगळ.
रात्री लाइट गेली, फाइल बिघडली. सावंतांनी साडेसहाला त्या बिघडलेल्या फाइलचीच कॉपी काढली. कंपनीच्या दिवसाने, म्हणजे सोमवारच्या नावाने. बसली माझ्या चांगल्या कॉपीच्या उरावर. साधी मशिनची तारीख ठेवली असती तर मंगळवारचं नाव पडलं असतं, सोमवार वाचला असता. शनिवारची कॉपी आहे, तिचा काय उपयोग.
काकांकडे धावले. चिठ्ठ्या?
"त्यांच्यात गोळ्या बांधून दिल्या. नेहमी देतो तशा."
रक्त पुन्हा तपासायचं तर त्याचं औषधही संपलंय. आठवडा लागेल म्हणाले.
जेवण गेलं नाही.

३ जुलै, बुध.
सकाळपासून गोळ्या नेलेल्यांना गाठतेय. कुणाच्या खिशात पुडी, कुणाच्या डब्यात. बारा चिठ्ठ्या मिळाल्या. ६.२ त्यात नाही. राहिल्या दोघांच्या नावाच्या: हमरापूरचा गणपत आणि आमचा दिनू.
देवा, दिनू नको. मग गणपत असावा का? शी, काय मन हे.
पावणेतीनला गेटवर दिनू. दुसरी शिफ्ट.
"पुडी? काल मी पण नेली गो, खोकल्याची. कागद निडी स्टेशनला गाडीतून फेकला."
"नाव होतं त्यावर?"
"पुडीचा कागद कोण वाचतो!"
आज नको जाऊस म्हटलं. का, ते सांगवेना. "काय होत नाय गो," म्हणाला. नखं पांढरी वाटली त्याची. आधीपासूनच तशी आहेत का? आठवत नाही.
डॉक्टरांचा फोन नंबर समोर ठेवलाय. एक फोन केला तर दोघंही आजच बाहेर येतील. आणि चूक कुणाची, हेही विचारतील. नोकरी जाईल.
तीनचा भोंगा झाला. दिनू आत गेला.
फोन अजून केलेला नाही.