माझ्या मागे न वाजवायची दोन गाणी

मी, शेख शब्बीर शेख उस्मान, वय चौसष्ट, धंदा लाउडस्पीकर भाड्याने देणे, राहणार बोरी अरब, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. दारव्ह्याच्या डॉक्टरांनी कालच तपासून मला ठणठणीत ठरवले. अक्षर हलले आहे ते आजारामुळे नाही. हजच्या यादीत माझे व पत्नी शहनाजचे नाव लागले असून येत्या शनिवारी नागपूरहून आमचे विमान आहे. मी आजवर विमान फक्त खालून पाहिले. आठवडाभर एका जागी बसवत नाही, आणि शहनाजने तीच बॅग तीनदा भरली आहे. निघण्याआधी सगळ्यांची माफी मागून मागची व्यवस्था लावावी, अशी आमच्यात रीत आहे. म्हणून हा कागद.

१. राहते घर, जीप व बँकेतील ठेव यांचे हिस्से शरीअतनुसार ठरलेले आहेत, त्यात मी हात घालत नाही. मुलगा आसिम याला एवढेच सांगणे की, बहीण रुबीना राळेगावला सुखात आहे म्हणून तिचा हिस्सा विसरू नये. तो मनाचा चांगला आहे, पण अशा गोष्टी विसरतो.

२. मिळकतीचा जो एक तृतीयांश भाग मला मर्जीने देता येतो, त्यातून अॅम्प्लिफायर, चार भोंगे, माइक व सर्व वायरी धावजी राठोड यास द्याव्यात. तो बावीस वर्षे माझ्यासोबत आहे. त्याचे एक म्हणणे मी ऐकले नव्हते, ते खाली येईल.

३. मुलीच्या पाठवणीची रेकॉर्ड. मी ती एकतीस वर्षे प्रत्येक लग्नात लावली. नवरी हसत असेल तर कोणीतरी मावशी येऊन म्हणायची, "लावा ना आता ते." मग सगळा मांडव रडायचा. रुबीनाच्या लग्नात मी रेकॉर्ड पुसत होतो, तेव्हा ती जवळ येऊन म्हणाली, "अब्बा, वो मत लगाओ. मुझे हँसते हुए जाना है." लावली नाही. कोणी विचारलेसुद्धा नाही. इतकी वर्षे प्रत्येकाला वाटत होते की दुसऱ्याला ते गाणे हवे आहे. सबब ही रेकॉर्ड धावजीने कोणी मागितली तरी लावू नये.

४. दुसरे गाणे माझे स्वतःचे आहे. २००५ च्या उन्हाळ्यात बियाण्याच्या एका कंपनीचा माणूस आला. त्याला कपाशीच्या बियाण्यावर वऱ्हाडीत गाणे हवे होते. मी ते लिहिले, चाल लावली, आणि गायलोही मीच. शब्द इथे देत नाही. चाल अशी आहे की वाचणाऱ्याच्या डोक्यातून जाणार नाही. जीपवर भोंगे बांधून चौदा गावे फिरलो. लेकरे मागे गात पळायची, आणि मी फुगलो होतो, हे कबूल करतो. एका संध्याकाळी वायर गुंडाळताना धावजी म्हणाला, "भाऊ, त्या बियाचं झाड तुमी पाह्यलं काय?"

मी म्हणालो, "तू वायरी पाय."

त्या साली झाडे डोक्याएवढी झाली, पण बोंडे धरली नाहीत. मला ठाऊक नव्हते, कारण मी सडकेवरून खाली उतरलोच नव्हतो. दिवाळीनंतर कंपनीने पुढच्या हंगामाच्या आगाऊ नोंदणीसाठी मला पुन्हा तेच गाणे घेऊन पाठवले. एका गावात मैनाबाई जीपसमोर उभी राहिली. ती नवऱ्यामागे चार एकर एकटी कसते.

"बंद करा ते, शब्बीरभाऊ," ती म्हणाली. "दुकानदाराचं म्या नाई आयकलं. तुमचा आवाज वळखीचा, म्हून पेरलं."

मी काहीतरी बोलू लागलो. तिने मला हाताला धरून वावरात नेले. सगळीकडे हिरवेगार. एका अख्ख्या ओळीत मला तीन बोंडे सापडली. मी तिथेच धुऱ्यावर बसलो.

कंपनीच्या माणसाला मी परत पाठवले. मग त्याच जीपवर, त्याच भोंग्यांवरून, त्याच चौदा गावांत सांगत फिरलो: "ते गाणं म्याच लिवलं, बी न पायता. मले माफी द्या. रिकाम्या थैल्या आन् पावत्या फेकू नका, घेऊन या." कोणी दार लावले, एकाने शेण मारले. त्याचा मला राग नाही. पण बाकीच्यांनी थैल्या आणल्या आणि धावजीने वहीत नावे लिहिली. पंचनामे झाले, तक्रार ग्राहक मंचात गेली. तिथे ते गाणे पुरावा म्हणून वाजवले गेले. मी मान खाली घालून ऐकले. तीन वर्षांनी, या ऑगस्टमध्ये, निकाल लोकांच्या बाजूने लागला. ते गाणे माझ्या वारसांनी कोणत्याही यंत्रावर वाजवू नये.

५. त्या गाण्याच्या उरलेल्या कॅसेटी शोधू नयेत. मैनाबाईने त्यांची फीत काढून ज्वारीवर पाखरे हाकायला ताणली आहे. वाऱ्यात ती नुसती घोंघावते, शब्द काही उमटत नाहीत.

६. त्या माफीनंतर अडीच वर्षे मला लग्नाचे एकही काम मिळाले नाही. लोक म्हणत, तुमचा आवाज आला की ते गाणे आठवते. या मे महिन्यात मैनाबाईची मुलगी निकिता उजवली, आणि मैनाबाई मला काम सांगायला स्वतः आली. मांडवात माइक हाती घेतला. म्हणालो, "जेवण तयार आहे. समद्यायनं बसून घ्या." आणि दोनशे माणसे पंगतीला बसली. तो आनंद अजून ओसरलेला नाही. आता आणखी विमान.

७. तिकडेच काही झाले तर कबर तिकडेच व्हावी. गावात खबर धावजीने माइकवरून द्यावी: नाव सांगावे, वेळ सांगावी, आणि बटण बंद करावे.

साक्षीदार म्हणून मी मैनाबाईला बोलावले. कागद पुढे केला, तर तिने पेन बाजूला ठेवले आणि म्हणाली, "आधी समदं वाचून दाखवा. या बारीनं पुरतं आयकूनच सही करीन." मी पहिल्या ओळीपासून वाचले. दोन ठिकाणी तिने थांबवून पुन्हा विचारले. मग सही केली.

लिहून देणार: शेख शब्बीर शेख उस्मान
साक्षीदार: १) मैनाबाई (सही) २) विठ्ठलराव, निवृत्त पोस्टमास्तर (सही)
ठिकाण: बोरी अरब. रविवार, ९ नोव्हेंबर २००८