न तपासता दिलेल्या पुड्या

ता. ३ डिसेंबर १९३३, रविवार. चौल.

आज पुन्हा रक्त. दसऱ्यापासून हे असंच चाललंय, चार दिवस बरे गेले की पाचव्या दिवशी धोतराला डाग. सुरणाच्या गोळ्या दोन वेळा, वर ताक. रोग्यांना सांगतो ते सगळं स्वतः करतोय आणि गुण काही नाही.

दुपारी कोळीवाड्यातली ती उंच बाई आली. ओट्याच्या कडेला पाठ करून उभी. "घरवाल्याला बसायचं दुखणं हाय. नेहमीची पुडी द्या, बाबा." दिली. विचारलं काही नाही. आमच्याकडे मूळव्याधीचं औषध न्यायला रोगी स्वतः येतच नाही, घरचं माणूस येतं, आणि रोगाचं नाव कुणी घेत नाही. वडील म्हणत, लाज राखली म्हणून तर माणसं रेवदंड्यापासून आपल्याकडे येतात. तीस वर्षं तेच करतोय.

ता. ११ डिसें., सोम.

शौच करंगळीएवढं बारीक होतंय. जाऊन आलो तरी पोट मोकळं झालं असं वाटत नाही, अर्ध्या तासानं पुन्हा पळापळ. वजन उतरलंय, बंडी खांद्यावरून लोंबते. हे मूळव्याधीचं लक्षण नव्हे. पोथीत मूळव्याधीच्या शेजारच्याच पानावर दुसरं काही लिहिलंय, ते मी आज पहिल्यांदा नीट वाचलं. पुढं वाचवलं नाही.

संध्याकाळी विष्णू आला. माझा भाऊ, आठ वर्षांनी धाकटा, सुपारीची वाडी तोच बघतो. दोन वर्षं त्यालाही हेच आहे आणि दोन वर्षं माझीच पुडी घेतोय. हसत म्हणाला, "आपल्या घराण्याचं वतन आहे रे दादा हे. बाबांना होतं, आत्याला होतं, आता आपण दोघं वाटून घेऊ." मीही हसलो. पुडी दिली.

ता. २० डिसें.

सौ.नं धोतर पाहिलं. विहिरीवर जाऊन धुऊन आणलं, वाळत घातलं आणि मग म्हणाली, "मुंबईला जा."

"वैद्याच्या बायकोनं हे बोलावं?"

"वैद्याची बायको आहे म्हणूनच बोलते. गोळ्या मीच वळते, त्यांत काय आहे ते मला ठाऊक आहे."

भांडण. जेवलो नाही. तशी भूक नव्हतीच, पण भांडलो म्हणून जेवलो नाही असं दाखवलं.

ता. ८ जानेवारी १९३४, सोम. मुंबई.

सर्जन माझ्याहून लहान. टेबलावर कुशीवर निजवलं, रबरी मोजा घातला आणि बोट घालून तपासलं. दोन मिनिटांचं काम. बावन्न वर्षांच्या आयुष्यात इतकी शरम वाटली नव्हती, आणि दोन मिनिटांत संपलंही.

"किती दिवस रक्त जातंय?"

"वर्ष होईल. दसऱ्यापासून जास्त."

"औषध कुणाचं?"

"माझंच. मी वैद्य आहे."

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. मग सरळ सांगितलं. गाठ आहे, आतड्याच्या शेवटच्या भागात. कॅन्सर. मूळव्याध नव्हे, कधीच नव्हती. घरात आणखी कुणाला, विचारलं. वडील पन्नाशीच्या आत गेले, पोट फुगून, आत्याही तशीच. आम्ही मूळव्याध म्हणत होतो. काही घरांत हा रोग पुन्हापुन्हा दिसतो, म्हणाला, का ते आम्हालाही अजून ठाऊक नाही. भाऊ आहे का?

आहे म्हटलं. त्यालाही रक्त जातं म्हटलं.

"त्याला आधी आणा. तुमच्यापेक्षा त्याच्या बाबतीत जास्त करता येईल. गाठ लहान असेल, कुठं चिकटली नसेल, तर पुरती काढता येते. पण दिवस घालवू नका."

बाहेर बाकावर बसलो. रडू आलं. स्वतःसाठी नव्हे. दोन वर्षं त्याला स्वतःच्या हातानं पुड्या दिल्या.

ता. २ फेब्रु. रुग्णालय. (पेन्सिलनं)

पोट उघडलं आणि गाठ तशीच ठेवली. मागच्या हाडाला चिकटलीय. नुसती वाट वळवली. डाव्या बाजूला पोटावर तोंड काढलंय, आता शौच तिथून. लाल, ओलं. बघवत नाही, बघावं तर लागतं. ताप. सौ. रोज येते, गिरगावात तिच्या चुलत्यांकडे उतरलीय. लिहवत ना

ता. २४ फेब्रु., शनि. चौल.

घरी. आठ दिवस झाले. रेवसवरून बैलगाडीनं आलो, प्रत्येक खड्डा मोजला.

नवा संसार असा. जुन्या धोतराच्या घड्या, वरून रुंद पट्टा. दिवसातून चारदा बदलायच्या, गरम पाण्यानं पुसायचं, कातडी सोलू नये म्हणून खोबरेल. सौ. करते. मी मान फिरवून बसतो. पोटावरच्या तोंडाला काळवेळ नाही. कुणी भेटायला आलेलं असतानाच आवाज करतं, मग मी खोकतो. मऊ भात, ताक, दुधी चालतं. वाल खाल्ले त्या दिवशी सगळ्यांनाच त्रास. पंगतीत बसणं संपलं. देवघरात मी आपणहून जात नाही.

पण पोट मोकळं होतं, हे खरं. गेल्या वर्षात झोपलो नव्हतो तेवढा या आठ दिवसांत झोपलो. सर्जन म्हणाला होता, वर्षभर मिळेल, कदाचित जास्त.

ता. ४ मार्च.

विष्णूला बोलावून सगळं सांगितलं. वडिलांचं, आत्याचं, सर्जन काय म्हणाला ते. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दादा, मला तुझ्या पुडीनं गुण आहे."

"गुण नाही. कोठा साफ होतो एवढंच. रक्त थांबलं का?"

"कधी थांबतं, कधी जातं."

"बारीक होतंय का?"

 वाडीत पाणी सोडायचंय म्हणून उठला. उठताना दाराची चौकट धरली. चव्वेचाळिसावं वर्ष, आणि चौकट धरून उठतो.

ता. १७ मार्च.

काल पाडवा. गुढी विष्णूनं उभारली, दरवर्षी मी उभारतो. पूजा झाल्यावर त्याला माझ्या खोलीत घेतलं आणि पट्टा सोडून पोट दाखवलं. मला वाटलं, बघेल आणि समजेल की एवढं होऊनही माणूस जगतो, बोलतो, भात खातो. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "हे असं जगायचं? दादा, मला नको हे. मेलो तरी चालेल."

"तुझी लहान असेल तर कदाचित इतकं करावं लागणारही नाही."

"कदाचित!" म्हणाला आणि गेला. श्रीखंड तसंच ताटात.

मूर्खपणा केला. पेटीतली सुरी दाखवून पोराला औषध पाजायला निघालो होतो मी.

ता. १५ एप्रिल, रवि.

महिना झाला, विष्णू फिरकला नाही. कालपासून अधिक वैशाख लागला. त्याची बायको यमुना निरोप घेऊन आली, अधिक महिन्यात असलं काही नको, नंतर बघू. वर पदर पुढं करून, "भावजी, नेहमीची पुडी…"

"मिळणार नाही."

"तुमच्याच औषधावर उभे आहेत हो ते."

"म्हणूनच मिळणार नाही. त्याला म्हणावं स्वतः ये."

ओट्यावरून सगळ्यांनाच सांगायला लागलोय: रोगी स्वतः आला, तपासू दिलं, तरच औषध. आठ दिवसांत कुणी आलं नाही. एक आली, कोळीवाड्यातली ती उंच बाई. कुंकू नव्हतं. सुकटीची टोपली ओट्यावर ठेवली.

"गेला घरवाला. पन तुमच्या पुडीनं शेवटाला दुखलं न्हाय त्याला. उपकार हायेत, बाबा."

टोपली परत न्या म्हणालो. ती ऐकेना. मला तिच्याकडे पाहवलं नाही. त्याचा चेहरादेखील मी कधी बघितला नव्हता, नाव विचारलं नव्हतं.

ता. २ मे, बुध.

सौ. पुड्या देते. विष्णूला! मी ओट्यावर नको म्हणतो आणि ही मागल्या दारानं यमुनेच्या हातात ठेवते, पंधरा दिवस झाले. आज रंगेहाथ धरलं.

"हात जोडले हो तिनं माझ्यापुढं," म्हणाली. "मी काय करू? तीस वर्षं तुम्हीच शिकवलंत ना, विचारायचं नाही, द्यायचं."

खरंच होतं. तिला ओरडलो तरी. मग दोघांनी मिळून बरण्या पोफळींच्या आळ्यात रिकाम्या केल्या. वडिलांच्या हातची एक चिनी मातीची बरणी होती, तीही. नंतर ती रडत बसली आणि मी तिच्याजवळ बसलो. लग्नाला एकतीस वर्षं झाली, असे बसलो नव्हतो कधी.

ता. १९ मे, शनि.

डावा पाय सुजलाय. कंबरेत आत कुठंतरी ठणका, बसू देत नाही. सर्जननं दिलेलं अफूचं औषध निम्मं उरलंय. वर्षभर म्हणाला होता, पण मला माझी नाडी कळते. तेवढं वैद्यपण शिल्लक आहे.

रेवदंड्याहून यंदाची शेवटची आगबोट शुक्रवारी. मग समुद्र बंद, नारळी पौर्णिमेपर्यंत मुंबई म्हणजे पनवेलवरून चिखल तुडवत. विष्णूनं तेवढे दिवस घालवले तर माझ्यासारखी हाडाला चिकटेल. यमुनेला बोलावून एवढंच सांगितलं. ती आता पुडी मागत नाही. म्हणाली, रात्रीची घोटभर पेजही टाकतात.

ता. २३ मे, बुध.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर विष्णू मागल्या दारानं आला. केवढा वाळलाय. दाराला कडी घातली आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "परक्या माणसापुढं मुंबईला जाऊन नागवा व्हायचा नाही मी. बघायचंच तर तू बघ. गाठ नाही म्हणालास तर विषय संपला. आहे म्हणालास तर शुक्रवारी जातो."

सौ.ला गरम पाणी आणि साबण द्यायला सांगितलं आणि वाडीत पाठवलं. त्याला कुशीवर निजवलं, गुडघे पोटाशी. माझ्या एवढ्या वर्षांच्या वैदकीत पहिल्यांदा.  बोटाला तेल लावलं. तो दोन्ही हातांनी उशी धरून होता, लहानपणी काटा काढताना माझा खांदा धरायचा तसा.

लागलं काहीतरी. पुढच्या बाजूला, जेमतेम बोटाच्या टोकाला. गाठ म्हणावी, की मळाचा खडा, की तिथं सगळ्यांनाच असतं तसलं काही? कळेना. पुन्हा चाचपलं. कळेना. निरोगी माणसाचं आतून कसं लागतं हेच मला ठाऊक नाही. कधी कुणाचं पाहिलंच नाही.

"आहे?" त्यानं भिंतीकडेच तोंड ठेवून विचारलं.

मी म्हणालो, "आहे."

"तुझ्याएवढी?"

"नाही. लहान आहे. सुटी आहे. काढता येईल."

 तो उठला, धोतर नीट केलं, माझ्या पट्ट्याकडे एकदा पाहिलं.

"शुक्रवारी जायचंय हे यमुनेला तू सांग," म्हणाला. "माझ्यानं व्हायचं नाही."