डावीकडचा आवाज

टेमघर, भिवंडी
१६ जून १९९९

प्रिय बकुळा,

आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, तरी रोज दुपारी दुकानात येऊन बसते आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, टीव्ही बिघडला की तुम्ही बिघडवला, असं तोंडावर विचारते. आपल्या गल्लीतले कापड विणणाऱ्या लूमचे दोन्ही कारखाने बंद झाले. मशीनं उचलून भंगारवाले घेऊन गेले. आईची तक्रार अशी की या शांततेमुळे तिला दुपारची झोप लागत नाही. जन्मभर खटखटीत झोपलेली बाई ती. सगळी गल्ली म्हणते, किती शांत झालं. मला मात्र फारसा फरक पडलेला नाही, आणि तो का पडला नाही हेच आज तुला लिहायला बसलो आहे.

तुला केसरीनाथ गुरुजींचा अॅम्प्लिफायर आठवत असेल. न आठवून कसं चालेल? तरी मी सगळं पहिल्यापासून लिहितो, कारण त्यातली माझी बाजू तू कधी ऐकलेली नाहीस.

एक्क्याऐंशी साल. लूम सोडून मला पाच वर्षं झाली होती. दुकानात रेडिओ दुरुस्त करायचो आणि जयंतीला, लग्नाला लागणारे कर्ण्याचे अॅम्प्लिफायर बनवायचो. त्यांना एकच कर्णा, एकच आवाज. स्टिरिओ मी तोवर हाताळला नव्हता. तू मॅट्रिक होऊन घरी होतीस, आणि माझ्या शेजारी बसून वर्षभरात सोल्डरिंग शिकली होतीस. गुरुजींच्या मुलाने मस्कतहून रेकॉर्ड प्लेअर आणि दोन स्पीकर पाठवले, आणि गुरुजी वळ गावाहून सायकल हाणत आपल्या दुकानात आले. म्हणाले, “यादव, तोंडं आलीत, गळा नाही आला. तेवढा तू बनव.”

आपण दोघं तीन महिने त्या गळ्यामागे होतो. सुईकडून येणारा आवाज मुंगीच्या पावलाएवढा. त्याला अलगद उचलणारा नाजूक भाग आणि स्पीकरला हलवणारा दांडगा भाग, दोन्ही एकाच पेटीत नांदवायचे. वर त्याच पेटीत तो जडशीळ ट्रान्सफॉर्मर. पुढची अॅल्युमिनियमची पट्टी मी आखली तेव्हा पाचही बटणं एका मापाची, एका ओळीत ठेवली होती, पुस्तकातल्या चित्रासारखी. तू म्हणालीस, “दादा, गुरुजींना चष्म्यातूनही नीट दिसत नाही. आवाजाचं बटण मोठं कर, बाकीच्यांपासून लांब ठेव आणि त्याला बोटाला लागेल अशी खाच पाड.” मग नावंही तूच मराठीत लिहिलीस. आवाज, खर्ज, तार, आणि डावी-उजवी बाजू सारखी करायला तोल. पाचव्या बटणावर, ज्याने रेकॉर्ड की रेडिओ ते निवडायचं, तू ‘काय ऐकायचं’ असं लिहिलंस आणि आपण दोघं किती हसलो होतो.

आणि तो घरघराट! गाणं नसतानाही स्पीकरमधून भुंगा घुमायचा. मी पंधरा दिवस कपॅसिटर बदलत बसलो. तू ट्रान्सफॉर्मर उचलून पार कोपऱ्यात नेलास, आडवा फिरवलास, आणि अर्थिंगच्या सगळ्या वायरी जिथे तिथे न जोडता एकाच स्क्रूवर आणून बांधल्यास. भुंगा बसला. मी गुरुजींना सांगितलं की मला युक्ती सुचली. तू तिथेच उभी होतीस. ही पहिली चोरी. लहान होती म्हणून मी ती मोजली नाही.

मग तो रविवार. वळला गुरुजींच्या ओटीवर शेजारीपाजारी जमलेले, गुरुजींच्या पत्नी गुणाबाईंनी सगळ्यांना पोहे दिलेले. स्पीकर दोन बाजूंना ठेवले, मधोमध खुर्ची टाकली आणि त्यावर मला बसवलं, कारीगर म्हणून. रेकॉर्ड लागली. उजवीकडून आवाज कसा भरून आला! डावीकडून मात्र फडक्याआडून आल्यासारखा. मी उठलो. आधी स्पीकरची अदलाबदल केली. पुन्हा डावीकडून कमी. वायरी बदलल्या, रेकॉर्ड बदलली. तेच. म्हणजे दोष पेटीतल्या डाव्या बोर्डाचा, आणि ते दोन्ही बोर्ड तू जोडलेले. गुरुजी म्हणाले, “मला तर छान वाटतंय रे.” मला वाटलं, भिडेपोटी बोलतायत. तू म्हणालीस, “दादा, मला दोन्हीकडून सारखं येतंय.” मला वाटलं, स्वतःची चूक झाकतेयस. तू दोन्ही बाजूंना एकच आवाज पाठवणारा मोनोचा खटका दाबून मीटर लावलास, काटा दोन्ही बाजूंना एकाच जागी थांबलेला मला दाखवलास. मी म्हणालो, “मीटरला गाणं कळत नाही.” लोक हसले.

त्या हसण्यानंतर मला थांबता आलं नाही. झाकण काढलं, बोर्ड बाहेर ओढला आणि सगळ्यांसमोर धरून म्हणालो की हे बघा कच्चं सोल्डर, या कामाला हात लागतो, पोरींनी रांगोळी काढावी. तू पक्कड पिशवीत ठेवलीस, ओढणीला हात पुसलेस आणि आत गुणाबाईंकडे निघून गेलीस. मी तिथेच बसून डाव्या बोर्डाचा एकेक जोड वितळवून पुन्हा केला आणि एक रेझिस्टर बदलून त्या बाजूचा आवाज चढवला. मग मला दोन्ही बाजू सारख्या झाल्या. लोकांनी माना डोलावल्या.

संध्याकाळी आबांनी मला ओट्यावर बोलावलं. ठाण्याच्या रेडिओ-टीव्हीच्या कोर्सचा फॉर्म तू निळ्या शाईने भरून ठेवला होतास, त्यावर वडील म्हणून त्यांची सही हवी होती. त्यांनी विचारलं, “पोरीचा हात हाय का रं या कामाचा? तू कारीगर हायेस, तू सांग. हाय म्हनशील तर करतो सही.” तू दाराशी तांदूळ निवडत होतीस. मी म्हणालो, “न्हाय आबा. तिचा हात नाही.” तांदळातला तुझा हात थांबला नाही, हे मला अजून दिसतं. पुढच्या उन्हाळ्यात तुझं लग्न झालं. राघोराव भला माणूस, रेल्वेची नोकरी, इगतपुरीचं क्वार्टर. घरात सगळे खूश होते. मीही होतो.

नंतर एकदा तुमचा रेडिओ बंद पडला तेव्हा तू तो पंच्यात गुंडाळून राघोरावांबरोबर इतक्या लांब माझ्याकडे पाठवलास. आत स्पीकरची एक वायर सुटली होती, बाकी काही नाही. झाकण उघडलं असतंस तर तुला एका नजरेत दिसली असती. मला वाटतं तू उघडलं होतंस. स्क्रूच्या डोक्यावर ताजे ओरखडे होते. पाहिलंस, ओळखलंस, आणि हात न लावता परत बंद केलंस.

आता दुसरा भाग. गुरुजी शहाण्णवला गेले. दोनेक महिन्यांनी गुणाबाईंचा निरोप आला की पेटीची एक बाजू मुकी झालीय, येऊन बघ. गेलो. पेटीवर धुळीचा कण नव्हता. पाहतो तर ‘तोल’चं बटण मधोमध नाही, चांगलं उजवीकडे फिरवलेलं, आणि त्याच्यासमोर पट्टीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका. मी विचारलं, हे काय? गुणाबाई म्हणाल्या, “पहिल्याच आठवड्यात लावली त्यांनी खून. तू त्या दिवशी काय केलंस कोन जानं, डावीकडून लई मोठ्यानं वाजायचं. मला म्हनाले, यादवला सांगू नको, पोरानं जीव लावून बनवलंय.”

मला ते पटलं नाही. त्यांच्या कानांचं वय झालं असेल, असंही मनात आलं. पेटी उघडली. मुकी झाली होती ती डावी बाजू, आणि बिघाड माझ्या एका जोडाला तडा गेल्याचा. तू केलेला उजवा बोर्ड मात्र जसाच्या तसा होता. पंधरा वर्षांनंतरही प्रत्येक जोड गुळगुळीत, थेंबासारखा. मी माझा जोड नीट केला, ‘तोल’ मधोमध आणला आणि रेकॉर्ड लावली. खुर्चीत बसलो तर दोन्ही बाजू सारख्या. गुणाबाई लगेच म्हणाल्या, “बघ, डावीकडून किती येतंय!” मी काही म्हणणार, एवढ्यात हातातला स्क्रू घरंगळून मागे गेला. तो शोधायला मी स्पीकरकडे पाठ करून खाली वाकलो, आणि एक बाजू कानठळ्या बसतील अशी वाजू लागली, दुसरी गायबच झाली. मी तोंड फिरवलं, पुन्हा सारखं. पाठ केली, पुन्हा तेच. असं मी चार वेळा केलं. गुणाबाईंना वाटलं माझ्या डोक्यावर परिणाम झाला. त्या रविवारी मी स्पीकर बदलले होते, वायरी बदलल्या होत्या, रेकॉर्ड बदलली होती. खुर्ची उलटी करून बसायचं तेवढं राहिलं होतं.

ठाण्याला कानाच्या डॉक्टरकडे गेलो. एका काचेच्या खोलीत बसवून त्यांनी दोन्ही कान तपासले आणि पहिलाच प्रश्न विचारला, लूमवर किती वर्षं होता? सात, पंधराव्या वर्षापासून, मी म्हणालो. लहानपणी डावा कान फुटून वाहायचा, तेही सांगितलं. ते म्हणाले, दोन्ही कान कमी झालेत, डावा फार कमी, आणि हे आजचं नाही, वीस वर्षांपूर्वीचं आहे. तुझ्या वहिनीला मी सांगितलं की कानात मळ होता.

दुसऱ्या दिवशी वळला जाऊन तो रेझिस्टर काढला आणि तू लावला होतास त्या मापाचा परत बसवला. गुणाबाईंना सगळं खरं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग बकुळाचं काम बरोबर व्हतं ना?” मी हो म्हणालो. “मंग तिला कळवलंस?” कळवतो, म्हणालो. तेव्हापासून मी जितक्या वेळा तिकडे गेलो तितक्या वेळा त्यांनी हेच विचारलं, आणि तीन वर्षं मी हेच उत्तर दिलं.

दुकानाचं कारण मी स्वतःला देत आलो. आवाजाचं काम बहिऱ्याकडे कोण आणेल? ते कारण खोटं नाही, पण पुरेसंही नाही. खरं असं आहे बकू, की कानाची चूक कानाची होती, पण डोळे माझे चांगले होते. त्या दिवशी बोर्ड हातात घेतला तेव्हाच मला दिसलं होतं की एकही जोड कच्चा नाही. मला दोष सापडत नव्हता आणि चार माणसं बघत होती, म्हणून मी तो तुझ्या हातात आहे असं सांगितलं. आबांसमोर तर कोणी बघतही नव्हतं. तिथे मी फक्त माझं सकाळचं बोलणं खरं ठरवलं. आबा चौऱ्याण्णवला गेले ते, पोरीला जमलं नसतं, असंच मानून गेले.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. विशाखा दहावीला एवढे चांगले मार्क मिळवून पास झाली, आईने अख्ख्या गल्लीला पेढे दिले. पण तिला नाशिकच्या तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सला जायचंय, राघोरावांचीही ना नाही, आणि तू लिहितेस, “दादा, ती मामाचं ऐकते. तूच तिला समजाव, हे आपल्या हाताचं काम नाही.” हे वाक्य तुझं नाही, माझं आहे. अठरा वर्षं तू ते खरं मानून जपलंस आणि आता लेकीच्या हातात द्यायला निघालीस, म्हणून हे पत्र लिहिलं. काल आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मला काय सांगतोस, पोरीला सांग. तर विशाखाला हे पत्र वाचायला दे, काहीही न गाळता. मामाचं ती ऐकत असेल तर मामाचं म्हणणं असं आहे की तिच्या आईचा हात माझ्यापेक्षा चांगला होता, आणि मला ते माहीत होतं. येत्या रविवारी मी इगतपुरीला येतोय. तेव्हा चारचौघांत बोललो होतो, म्हणून हेही राघोरावांसमोर, तुमच्या शेजाऱ्यांसमोर बोलणार आहे. तू मला घरात घ्यावंस असा माझा हक्क नाही, दारात उभा राहून बोलेन. फॉर्मची मुदत शनिवारी संपते ना? मग माझी वाट बघू नका, आधी फॉर्म भरा.

तुझाच,
यादवदादा